गाडीनं मान डोलावणं सोडलं

आमच्या घरात खीर आणि खळ एकाच पातेल्यात शिजायची. खीर सणावाराला आणि मैद्याची खळ आठवड्यातून दोनदा, भिंतींवर पत्रकं चिकटवायला. एकदा घाटाखालून आलेल्या एका पाहुण्यानं ओट्यावर निवत ठेवलेली खळ खीर समजून वाटीत घेतली, दोन घास खाल्ले आणि संकोचानं एवढंच म्हणाला, "साखर जराशी कमी पडली वाटते." आईनं मुकाट्यानं साखरेचा डबा पुढे केला. बाबा आतल्या खोलीत तोंडात रुमाल धरून हसत होते. ते बुलढाण्यातल्या एका लहानशा छापखान्यात कामाला होते. आईच्या महिला मंडळाची पत्रकं तेच जुळवायचे, तेच छापायचे आणि राहिलेले गठ्ठे सायकलवरून घरी आणायचे. जेवणाच्या पाटाशेजारी प्रुफं पसरलेली असायची. पातोड्यांच्या रश्शाचा थेंब एखाद्या मथळ्यावर पडला की त्यांचा घास हातातच थांबायचा. माझ्या लहानपणाचा आवाज कोणता म्हणून विचाराल, तर कागदाचा गठ्ठा टेबलावर उभा धरून आपटण्याचा. ठप, ठप, मग फिरवून पुन्हा ठप. चारही कडा सारख्या झाल्याशिवाय बाबा गठ्ठ्याला सुतळी बांधत नसत.

मी वाचायला शिकले ती या पत्रकांवर. पाणी, रेशन, मजुरी, शाळेतलं शिक्षकाचं रिकामं पद, हेच माझे धडे. त्यामुळे माझी एक पक्की समजूत झाली होती की जे छापलं जातं ते खरं असतं. बोलणारा फिरतो, शपथ घेतलेला फिरतो, कागद फिरत नाही. आमच्या घरात चुकीचा छापलेला शब्द म्हणजे जवळजवळ पाप होतं, तेव्हा ही समजूत माझ्यात कुठून आली ते उघड आहे. ती कशी मोडली, तेच मला इथे लिहायचं आहे. तिशी ओलांडून फार दिवस झाले नाहीत, एवढ्यात आठवणी लिहायला बसलीस का, असं ओळखीचे लोक विचारतात. बसले. म्हातारपणाची वाट पाहत राहिले तर तोवर पुष्कळ गोष्टी गुळगुळीत होतील. मला त्या खरखरीत असतानाच लिहायच्या आहेत.

मंडळाची एक पांढरी गाडी होती. एका निवृत्त डॉक्टरांनी ती आईला जवळपास फुकटच दिली होती, कारण ते मॉडेल कंपनीनं केव्हाच बंद केलं होतं. तिच्या डिकीत कायम पत्रकांचे गठ्ठे. कागद किती जड असतो हे ज्यानं उचललं त्यालाच कळतं. त्या ओझ्यानं गाडीची मागची बाजू बसत गेली, खड्ड्यांचे धक्के पिणारे मागचे दोन्ही शॉकअप मेले. डिकी दोन्ही हातांनी दाबून सोडली की चांगली गाडी एकदा वर येते आणि थांबते. आमची वर यायची, खाली जायची, परत वर, परत खाली. म्हाताऱ्या माणसासारखी मान डोलवत राहायची.

मी एकोणीस वर्षांची होते तेव्हाची गोष्ट. घाटाखालच्या एका गावातलं देशी दारूचं दुकान बंद करायला तिथल्या बायकांनी मतदान मागितलं होतं. गावाचं नाव लिहीत नाही. त्या बायकांना अजून तिथंच राहायचं आहे. मतपत्रिकेवर दोन चित्रं असतात, उभी बाटली आणि आडवी बाटली. आडवीला पुरेशी मतं पडली की दुकान बंद. मतदान दहा दिवसांवर आलं होतं. बायका शेतातून परत येणार, चूल पेटवणार, मग कुठे देवळाच्या ओट्यावर जमणार. आणि गावातून बुलढाण्याला येणारी शेवटची एसटी साडेपाचला निघून जायची. म्हणजे गाडी असेल तर सभा, नाहीतर काही नाही. इतकं ते साधं होतं.

त्या शुक्रवारी बोथ्याच्या घाटात एका वळणावर गाडीचं ढुंगण असं फेकलं गेलं की आई, मी आणि चार गठ्ठे कठड्यापर्यंत जाऊन आलो. गाडी मीच चालवत होते. घरी आल्यावर बाबांना सांगितलं, तर त्यांनी हातातला गठ्ठा न बांधताच खाली ठेवला. मग म्हणाले, "सोमवारी भंगारवाल्याला बोलावतो."

"अन् सभा?" आई म्हणाली.

"सभा महत्त्वाची आहे. तू अन् पोरगी त्याहून जास्त महत्त्वाच्या आहात. मी दुसऱ्या दोघी कुठून आणू?"

माझे बाबा भित्रे नव्हते. पण ते घाबरले होते, आणि त्यांच्याशी भांडता येत नव्हतं, कारण त्यांचं खरं होतं.

शनिवारी सकाळी मी गाडी घेऊन पप्पूशेठच्या गॅरेजवर गेले. शहरात त्यांचं नाव मोठं. दारूच्या दुकानवाल्याच्या तिन्ही जीप त्यांच्याकडेच दुरुस्तीला यायच्या, हे मला माहीत होतं, पण गॅरेज म्हणजे गॅरेज असं मी समजत होते. पप्पूशेठनं बॉनेट उघडलं नाही की वाकून पाहिलं नाही. नुसती डिकी दाबली आणि गाडी डोलू लागल्यावर पोरांना हाक मारली.

"पाह्यजा रे! कशी हाव हाव करते! जो दाबीन त्याले हाव." हाव म्हणजे आमच्याकडचं 'हो'. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बाई, तुह्या आईले सांग, हिच्यापासून काही शिक म्हणा. हिच्यावानी मान हलवली असती तं आज गाडी बी नवी असती."

"पार्ट मिळेल का, ते सांगा."

"बंद झाला. कंपनीच बनवत नाई. भंगारात दे अन् घरी जाऊन भाकरी शिक."

भाकरी मला येते. आजही चांगली येते. पण त्या दिवशी त्या माणसाचं तोंड पाहून मी ठरवलं की ही गाडी त्याच्या डोळ्यांदेखत उभी करायची. रागात घेतलेले निर्णय वाईट असतात असं शहाणे लोक लिहितात. माझ्या आयुष्यातले निम्मे बरे निर्णय मी रागातच घेतले आहेत.

आमच्या शेजारी गुलाबकाका राहायचे. एसटीच्या डेपोत आयुष्यभर मिस्त्री होते. आता हात कापायचे, चहाची बशी दोन्ही हातांनी धरावी लागायची, पण कान शाबूत होते. रस्त्यावरून जाणाऱ्या गाडीचा आवाज ऐकून घरात बसल्या बसल्या तिचा आजार सांगायचे. मी त्यांना पप्पूशेठ काय म्हणाले ते सांगितलं.

"खोटं बोलून राह्यला थो," काका म्हणाले. "पुरा शॉकअप बंद झाला असन. पण त्याची बाहेरची नळी तं तुह्या गाडीलेच हाये ना? सडली नाई, वाकली नाई. आतला माल मेला. मंग आतला माल बदल. बाहेरच्या कंपन्या नुसती आतली कांडी बनवते. जुन्या नळीत नवी कांडी टाकाची, वरून नट आवळाचा. झालं."

"कोण करून देईल?"

"माह्या हातानं आता सुई बी ओवत नाई." त्यांनी माझ्या हातांकडे पाहिलं. "तुहे काऊन रिकामे हायेत?"

दुपारच्या एसटीनं मी खामगावला गेले. स्पेअर पार्टच्या चौथ्या दुकानात म्हाताऱ्या मालकानं माळ्यावर चढून धुळीनं माखलेली दोन खोकी काढली. प्रत्येकात एक काळी चकचकीत बंद कांडी, एक नवा नट आणि घडी घातलेला इंग्रजी कागद. त्या कागदावर आमच्या गाडीचं नाव छापलेलं होतं. परतीच्या एसटीत मी तो कागद अडखळत दोनदा वाचला, घरी शब्दकोश घेऊन तिसऱ्यांदा. कांड्यांपेक्षा मला तोच जास्त मोलाचा वाटत होता.

रविवारी अंगणात काम सुरू झालं. बाबा ओसरीवर गठ्ठे बांधत होते आणि आमच्याकडे बघायचं टाळत होते. काकांनी जॅकखाली लाकडी ठोकळे लावायला सांगितले, मागची सीट काढून वरचे नट सोडायला सांगितले, स्प्रिंगला दोन बाजूंनी तिला आवळून धरणारे शिकंजे चढवायला सांगितले. "हिच्या तोंडासमोर तोंड नोको आणू. सुटली तं दात घेऊन जाईन." शिकंजा फिरवताना स्प्रिंग कुरकुरत आखडत होती आणि माझ्या पाठीतून घाम खाली उतरत होता. नळीच्या तोंडचा नट निघेना, तेव्हा मी पाईप पान्याला लोंबकळले. तो कर्रकन सुटला आणि मी बोरीच्या झाडाखाली जाऊन बसले. आतून जुनं तेल निघालं, काळं आणि कुजकट वासाचं. कित्येक वर्षांचे खड्डे त्यात मुरलेले होते. नळ्या रॉकेलनं धुतल्या, पुसल्या, उन्हात ठेवल्या.

कागदात लिहिलं होतं की नळीत थोडं तेल ओतून मग कांडी टाका, म्हणजे कांडीची उष्णता नळीला मिळते. काका म्हणाले, "हे बरोबर लिहिलं." मला अभिमान वाटला, जणू तो कागद बाबांनीच छापला होता. मी तेल ओतलं, कांडी सोडली आणि नट हातात घेतला.

"थांब," काका म्हणाले. "पहिले नळी माप. किती खोल हाये ते."

"कशाला? कागदावर आपल्याच गाडीचं नाव आहे, काका. नट पूर्ण घट्ट आवळा असं लिहिलंय."

"लिहिणाऱ्यानं तुही नळी पाह्यली का?"

"छापील आहे ते. छापील चुकत नसतं."

काका उठले. आपला स्टूल उचलला. "मंग छापीललेच विचार आता," म्हणाले आणि कुंपणाच्या फटीतून घरी गेले. बाबांनी पहिल्यांदा मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि पुढच्या गठ्ठ्याची सुतळी ओढली. मी दोन्ही नट नळीच्या काठाला टेकेपर्यंत आवळले. संध्याकाळी डिकी दाबली. गाडी एकदा वर आली आणि थांबली. मी अंगणात नाचले. बाबांनी स्वतः दोनदा दाबून पाहिलं आणि सोमवारी भंगारवाल्याला बोलावलं नाही.

सोमवारी पाच वाजता आई आणि मी निघालो. गावात तीस-चाळीस बायका ओट्यावर येणार होत्या. घाट लागला आणि मागून आवाज सुरू झाला. खट. खट-खट. दर खड्ड्याला, दोन्ही बाजूंनी.

आई म्हणाली, "कोणी डिकीत बसून दार वाजवतंय का गं?"

पुढच्या वळणावर आवाज एवढा वाढला की मला गाडी थांबवावी लागली. मी खाली वाकून पाहिलं. बाहेरून सगळं घट्ट होतं. काय सैल आहे, किती सैल आहे, काहीच कळेना. न कळणाऱ्या गाडीत आईला बसवून उरलेला घाट उतरायची हिंमत मला झाली नाही. आम्ही परत फिरलो. तिकडे बायका दिवेलागणीपर्यंत वाट पाहून उठून गेल्या, आणि दुसऱ्या दिवशी गावात आवई उठली की बुलढाण्याची बाई दुकानवाल्याला भ्याली. आईनं मला एका शब्दानं दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं.

मंगळवारी सकाळी मी कुंपणाच्या फटीतून पलीकडे गेले. काका खाटेवर बसून चहा पीत होते.

"काय म्हणते छापील?"

"माझं चुकलं, काका."

"तुहं नाई चुकलं. तू ऐकलं नाई. ते येगळं असते." त्यांनी बशी संपवली, गोठ्यातल्या कडब्याच्या पेंढीतून ज्वारीचा एक सरळ धांडा उपसला आणि माझ्या हातात दिला. "चाल."

पुन्हा ठोकळे, पुन्हा शिकंजे, पुन्हा पाईप पाना. या वेळी मी पाहिलं. नट सोडायच्या आधीच, तो घट्ट असतानाही, कांडी नळीत हलत होती. ती पकडली गेलीच नव्हती. काकांनी कांडी बाहेर काढायला लावली, धांडा नळीत तळापर्यंत सोडायला लावला आणि काठाशी नखानं खूण करायला सांगितलं. मग तो धांडा कांडीशेजारी ठेवला. कांडी आखूड होती. फार नाही, दोन जुन्या रुपयांच्या जाडीएवढी.

"पाह्य. नट नळीच्या काठावर बसला. नट खूश, तू खूश. अन् आतमंधी थो बिचारा मोकळा नाचून राह्यला."

त्यांच्या पत्र्याच्या डब्यात डेपोतल्या जाड, मधे भोक असलेल्या चकत्या होत्या. नळीत बसतील अशा दोन निवडल्या, प्रत्येक नळीला एक. धांडा नळीत उभा धरून त्यावरून एक चकती सोडली, म्हणजे ती तिरपी न पडता सपाट तळाला बसली. चाळीस वर्षं एसटीच्या गाड्या उघडणाऱ्या माणसाची ती अक्कल होती, कुठल्याही खोक्यात घडी घालून न येणारी. मग तेल, मग कांडी, मग नट. मी आवळत गेले आणि नट काठाच्या थोडा वरच थांबला.

"बस," काका म्हणाले. "हा नखाएवढा उरला पाह्यजे. उरला म्हणजे त्यानं आतल्याले धरलं. पुरा बसला म्हणजे कोणालेच नाई धरलं."

दुपारी अंगणातच जेवायला बसलो. भाकरी, ठेचा, कांदा. माझ्या हाताचं काळं तेल भाकरीला लागत होतं आणि ते मला गोड लागत होतं. मतदानासाठीचं पत्रक त्या वेळी मी लिहून ठेवलेलं होतं. आईनं पहिल्यांदाच मला लिहू दिलं होतं. काकांना मी ते मोठ्यानं वाचून दाखवलं. गुलामी, अंधार, बेड्या, आग, सगळं होतं त्यात. दोन्ही बाजू भरून होतं.

काका ऐकत राहिले. "लय जोरात हाये," म्हणाले. "नट पुरा आवळला तू. पण बाईनं शिक्का कुठं मारावा?"

ते लिहिलं नव्हतं.

"अन् एखादी नाई गेली, घरीच राह्यली तं?"

तेही नव्हतं. आणि तीच तर मुख्य गोष्ट होती. यादीतल्या एकूण बायकांपैकी निम्म्याहून जास्त बायकांनी आडवीला मत द्यावं लागतं, त्यामुळे जी घरी राहते तिचं मत उभ्या बाटलीलाच जातं. हे मला माहीत होतं, आईला माहीत होतं, म्हणून लिहायचं राहून गेलं होतं. मी लिहिणाऱ्याच्या बाजूनं लिहिलं होतं. ज्या नळीत ते बसायचं तिची खोली मापलीच नव्हती. मी भाकरीचा तुकडा तसाच ठेवून आत गेले आणि दुसऱ्या कोऱ्या कागदावर आठ ओळी लिहिल्या. कुठे जायचं, किती वाजता, काय दिसेल, शिक्का कशावर. शेवटची ओळ होती, 'घरी बसाल तर तुमचं मत दुकानाला.' बाबांनी वाचलं, एकही दुरुस्ती केली नाही आणि तसंच छापायला घेतलं. आग असलेला कागद माझ्याकडे अजून आहे. तो मी फाडणार नाही. आगीची मला लाज नाही.

मंगळवारच्या संध्याकाळपासून आम्ही रोज उतरलो. घाटात मागून फक्त टायरचा आवाज. पहिल्या दिवशी ओट्यावर सात बायका होत्या, शेवटच्या दिवशी ओटा पुरेना. त्या शेवटच्या संध्याकाळी दुकानवाल्याची जीप येऊन उभी राहिली आणि तिच्यातून पप्पूशेठ उतरले. आई बोलत होती. ते आमच्या गाडीपाशी गेले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडले, "बायांनो, यांचं काय ऐकता? यांच्या गाडीचंच पाह्यजा, कशी हाव हाव करते!"

आणि त्यांनी डिकी दाबली.

गाडी खाली गेली, एकदा वर आली, थांबली.

त्यांनी पुन्हा दाबली, अंगाचा भार टाकून. वर आली, थांबली. तिसऱ्यांदा दाबताना त्यांची टोपी पडली. पहिल्या रांगेत चंद्रभागाबाई बसल्या होत्या, गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या. नवरा आणि एक लेक त्यांनी त्याच दुकानापायी घालवला होता. त्या पदर सावरत म्हणाल्या, "काऊन रे बाप्पा, नाई म्हणून राह्यली ना थे तुले? किती डाव इचारतं?"

ओटा असा हसला की देवळातली कबुतरं उडाली. पप्पूशेठ टोपी झटकत जीपकडे गेले. मी गाडीपाशी उभी होते. आई थांबलेलं वाक्य जिथं थांबलं होतं तिथून पुढे बोलू लागली.

मतदानाला बायका आल्या. तापानं फणफणलेली एक आली, माहेरी गेलेली एक पहाटे निघून आली. चंद्रभागाबाई केंद्राबाहेर बसून कोण आलं नाही ते विचारत होत्या आणि घरोघर निरोप धाडत होत्या. बाटली आडवी झाली. दुकानाचं शटर खाली आलं, आणि जिथं रांग लागायची तिथं त्या आठवड्यात कोणीतरी शेवया वाळत घातल्या.

आता खरं काय ते सगळं सांगायला हवं. तो दुकानवाला गेल्या वर्षी पलीकडच्या फाट्यावर परत आला आहे, दुसऱ्या नावावर. त्या बाजूच्या बायकांचा निरोप आईला आला आहे. आईला आता पायऱ्या चढवत नाहीत, पण पत्रकाचा मजकूर तिनं माझ्याकडून दोनदा परत लिहून घेतला. गुलाबकाका नाहीत. त्यांचा पत्र्याचा डबा माझ्याकडे आहे.

आज सकाळी अंगणात जाऊन मी डिकी दाबली. गाडी वर आली, खाली गेली, परत वर आली. इतक्या वर्षांच्या गठ्ठ्यांनंतर तिला दोष देता येत नाही. खामगावच्या त्या दुकानात आता म्हाताऱ्याचा मुलगा बसतो. मी फोन केला, दोन कांड्या आहेत म्हणाला. "सोबत कागद पण आहे ताई, सगळं लिहिलेलं आहे त्यात."

"कागद असू दे," मी म्हटलं, आणि शेजारी कडब्याची पेंढी मागायला गेले.